कोणालाही सुचलं असतं

बाबांच्या हातात मशीनचं ड्रॉइंग दिलं की ते आधी कागद फिरवतात. उभा, आडवा, पुन्हा उभा. ऑपरेटर मशीनच्या ज्या बाजूला उभा राहतो ती बाजू आपल्याकडे आली, की मग चष्मा नाकावर ओढतात आणि बोट ठेवून चालायला लागतात. आकडे, बाण, खालचा मजकूर यांच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. परवा डायनिंग टेबलावर माझे कागद पसरलेले होते. त्यातला एक त्यांनी असाच फिरवला, मिनिटभर पाहिला आणि विचारलं, "हवा कुठून येते?"

मी तो मजकूर दोन दिवस वाचत होते. हवा कुठून येते, हे मी अजून पाहिलेलं नव्हतं.

कागद होते एका जुन्या परदेशी पेटंट अपिलाचे. विषय छपाईच्या मशीनचा सिलिंडर आणि त्यावर चढणारी स्लीव्ह. माझं काम हेच. कोणी काही नवीन केल्याचं म्हणाला, की ते आधी कोणी करून ठेवलेलं आहे का, ते जुन्या पेटंटांतून शोधून द्यायचं. लोकांच्या आनंदात विरजण घालायचा धंदा, असं माझा नवरा म्हणतो आणि ते अगदीच खोटं नाही. या वेळचं गिऱ्हाईक नाशकातल्याच अंबड एमआयडीसीतलं होतं, शेजारच्या काकूंचा भाचा. तो छपाईच्या रोलरवर रबर चढवून देतो. त्याने म्हणे एक युक्ती काढली होती. सिलिंडर मशीनमधून न उतरवता, त्याच्या एका टोकाला आधार देणारं बेअरिंग दारासारखं उघडायचं आणि स्लीव्ह तिथूनच ओढून काढायची. "ताई, पेटंट होईल ना?" हे त्याने मला लिफ्टमध्ये विचारलं होतं. चौथा मजला येईपर्यंत मी हो म्हणून बसले होते.

स्लीव्ह म्हणजे काय ते आधी सांगते, कारण मलाही बाबांची मुलगी असून ते नीट माहीत नव्हतं. ती एक पोकळ नळी. काचतंतूची, निकेलची, बाहेरून रबर किंवा पॉलियुरेथेन चढवलेली. छपाईची प्लेट हिच्यावर चिकटवायची आणि ही पोलादी सिलिंडरवर चढवायची. पाकिटाची लांबी बदलली की सिलिंडरचा घेर बदलावा लागतो. वेफर्सच्या पाकिटाला एक, द्राक्षाच्या पिशवीला दुसरा. दर वेळी आख्खा सिलिंडर बदलायचा तर क्रेन आणा. मीटरभर लांब आणि १५० मिलिमीटर व्यासाचा भरीव पोलादी दांडा जवळजवळ १४० किलोचा होतो. त्यापेक्षा सिलिंडर तोच ठेवून वरची नळी बदलली तर? १०० मिलिमीटर व्यासाला घेर ३१४ मिलिमीटर. त्यावर २० मिलिमीटर जाडीची स्लीव्ह चढवली की व्यास १४० आणि घेर ४४० च्या घरात. नळी एकटा माणूस काखेत मारून नेतो.

गंमत पुढे आहे. ही नळी सैल असून चालत नाही, नाहीतर छापताना फिरेल. म्हणून तिचं आतलं माप सिलिंडरपेक्षा मिलिमीटरचे काही शतांश भाग कमीच ठेवतात. मग ती चढणार कशी? बांगडी भरताना कासार हात दाबून दाबून लहान करतो. इथे मनगट पोलादाचं, म्हणून बांगडीच फुगवायची. सिलिंडरच्या एका टोकाजवळ भोवताली बारीक भोकं असतात. नळी त्यांच्यावर येईल इतकी सरकवायची आणि आतून सहाएक बार दाबाची हवा सोडायची. नळी केसभर फुगते, हवेच्या गादीवरून सरसर सरकते. हवा बंद केली की आवळून बसते. उतरवताना पुन्हा हवा.

म्हणून "हवा कुठून येते?" हा खरा प्रश्न.

नाशकात छपाईचं नाव काढलं की लोकांना एकच प्रेस आठवते, नाशिकरोडची. १९२५ ला सिक्युरिटी प्रेस आली, १९२८ ला नोटांची. आमच्या लहानपणी "प्रेसमध्ये आहेत" एवढं सांगितलं की लग्नं जुळायची. बाबांनाही लोक विचारत, "कुठे असता?" ते म्हणत, "प्रेसमध्ये." समोरच्याच्या चेहऱ्यावर आदर उमटे आणि मग बाबा प्रामाणिकपणे तो पुसून टाकत: "ती नाही, सातपूरला. प्लास्टिकची पाकिटं छापतो." आई यावरून आयुष्यभर चिडत आली आहे. वाक्य अर्ध्यावर थांबवलं असतं तर काय बिघडलं असतं, असं तिचं म्हणणं.

सिलिंडरवर चित्र कोरून छापण्याचा वारसाही नाशिकरोडचाच. १९५२ मध्ये कबीर, तुलसीदास, मीरा, सूरदास, गालिब आणि टागोर यांची सहा तिकिटं निघाली, ती इथे फोटोग्रॅव्हर पद्धतीने छापलेली पहिली. त्याआधी १९४८ ची गांधीजींची तिकिटं स्वित्झर्लंडहून छापून आणावी लागली होती. बाबा 'रोटो' म्हणतात ती हीच पद्धत, वेफर्सच्या पाकिटांवर उतरलेली.

तर अपील. अर्जदाराचं म्हणणं ऑफसेट मशीनबद्दल होतं. ऑफसेटमध्ये शाई ज्यावरून कागदावर उतरते ते रबराचं ब्लँकेट चादरीसारखं सिलिंडरभोवती गुंडाळून त्याची दोन्ही टोकं सिलिंडरच्या खाचेत आवळतात. ती खाच दर फेऱ्याला एक ठोका देते. वेग वाढला की मशीन थरथरतं, छपाईवर पट्टे येतात, शिवाय खाचेपुरता कागद कोरा जातो तो वेगळाच. खाचच नको, ब्लँकेट नळीसारखं अखंड करा, हा विचार १९९० च्या दशकात हायडेलबर्ग या जर्मन कंपनीच्या 'संडे प्रेस' नावाच्या मशीनने बाजारात आणला. ती पेटंटं पुढे गॉसकडे गेली आणि त्यांच्यावरून गॉस आणि मान रोलँड या छपाईची मशीनं बनवणाऱ्या दोन कंपन्या अमेरिकेतल्या कोर्टात वर्षानुवर्षं भांडल्या. माझ्या टेबलावरचं प्रकरण त्याच कुळातलं, पण बारकं. त्यात पेटंट ऑफिसच्या परीक्षकाने दोन जुने कागद शेजारी शेजारी ठेवले होते. एकात हवेने चढणारी स्लीव्ह, दुसऱ्यात टोकाचं बेअरिंग उघडणारा सिलिंडर. दोन्ही एकत्र केले की तुमचा शोध तयार. यात तुम्ही काय केलंत? अर्जदार म्हणतो, मग इतकी वर्षं कोणी एकत्र का केले नाहीत?

असल्या अपिलांची भांडणं बहुतेक वेळा इथेच येऊन अडतात. बाकीचा मजकूर जागा भरतो.

"यात काय आहे एवढं?" बाबा कागद खाली ठेवत म्हणाले. "हे तर कोणालाही सुचलं असतं."

परीक्षकाचं मत अकरा पानांत होतं. बाबांनी ते एका वाक्यात आटोपलं.

कायद्याच्या पुस्तकात एक काल्पनिक माणूस राहतो. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यातही तो आहे: त्या कलेत निष्णात व्यक्ती. तुमची युक्ती या माणसाला उघड वाटली तर पेटंट नाही. हा माणूस विचित्र आहे. जगात छापलेलं सगळं त्याने वाचलेलं असतं, जर्मन, जपानी, काहीही. पण स्वतःची प्रतिभा बेताची. मी वर्षानुवर्षं त्याच्यासोबत काम करते आहे आणि मला तो नेहमी एखाद्या हुशार पण कुठेच न गेलेल्या भाच्यासारखा वाटत आला. २००७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गाडीच्या ॲक्सिलरेटर पेडलच्या एका खटल्यात त्याच्यावर थोडी दया दाखवली. हा सामान्य कसबाचा माणूस असला तरी यंत्रमानव नाही, दोन गोष्टी जुळवण्याइतकं डोकं त्याला असतंच, असं म्हटलं. दया त्याच्यावर, पण फटका अर्जदारांना. तो जितका हुशार ठरेल तितकी पेटंटं कमी.

आपल्याकडचा या विषयावरचा सगळ्यात मोठा निकाल भांड्यांवरून झाला आहे. मिर्झापूरच्या पितळी भांड्यांच्या धंद्यातला. १९५१ चं पेटंट, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९७८ चा. मधल्या सत्तावीस वर्षांतली बहुतेक वर्षं हे भांडण जिवंत होतं. भांडं लेथवर फिरवून घासताना धरायचं कसं, एवढाच प्रश्न. जुन्या रीतीत फिरतं भांडं सुटून उडायचं, माणसाला लागायचं. पेटंटवाल्याने समोरून दाब देणारा टोकदार दांडा लावला, भांडं जागेवर बसलं. न्यायालय म्हणालं, समोरून दाबून धरणं लेथवाल्यांना आधीपासून ठाऊक आहे. ही कारखान्यातली किरकोळ सुधारणा झाली, शोध नव्हे. पेटंट रद्द.

या निकालात एक कसोटी दिली आहे. सगळी जुनी माहिती एखाद्या जाणत्या कसबी माणसाच्या हातात ठेवली असती तर तो म्हणाला असता का, की मला हवं ते हेच? आणि हा कसबी माणूस कोण, तर नुसता कारागीर नव्हे.

'नुसता'वर मी दर वेळी अडखळते. मी वाढले जुन्या नाशकात, तांबट लेनपासून हाकेच्या अंतरावर. सकाळी शाळेला निघायचं ते हातोड्यांच्या आवाजात. दूर गेल्यावरही आवाज ओळखू यायचा, घागर चाललीय की परात. भांडी बाजारात आजही आईबरोबर गेलं की ती एकेक पातेलं बोटाच्या पेराने वाजवून घेते. त्या लेनमधल्या कोणालाही 'नुसता कारागीर' म्हणून दाखवावं. पण निकाल चुकीचा होता असं मला वाटत नाही. समोरून दाबून धरणं खरंच नवीन नव्हतं. त्याचं पेटंट राहिलं असतं तर लेथवर भांडी घासणाऱ्या दुसऱ्या कोणाला तसा दांडा लावायची चोरी झाली असती. निकाल बरोबर आणि शब्द खटकणारा, असं दोन्ही असू शकतं.

बाबांना मी विचारलं, "तुम्हाला सुचलं असतं?"

"सुचलं असतं काय? सुचलंच होतं. बेअरिंगचं नाही. हवेचं."

मग तो किस्सा निघाला. एकतीस वर्षं बाबा एकाच कारखान्यात मशीनमन होते आणि मी हा किस्सा कधी ऐकला नव्हता. त्यांच्याकडे स्लीव्हचं पहिलं मशीन आलं. बसवून देणारी माणसं चार दिवस राहिली, पाचव्या दिवशी गेली आणि सहाव्या दिवशी स्लीव्ह अर्ध्यावर अडकली. पुढे येईना, मागे जाईना. हवेचा आवाज येतोय, पण नळी हलत नाही. मग नायलॉनचा हातोडा. एकाने हवा सोडायची, दुसऱ्याने हळूहळू ठोकायचं. ठोकून नळीची कड दबायची, मग छपाईत त्या जागी फिकट पट्टा. वेस्टेज वाढलं की सुपरवायझर विचारायचा, आणि पुढच्या जॉबला पुन्हा हातोडा.

"एका नाइटला कॉम्प्रेसर कमी दाब देत होता," बाबा म्हणाले. "मला वाटलं कुठेतरी लीक आहे. साबणाचं पाणी केलं आणि स्लीव्हच्या कडेला लावलं. पंक्चरवाला टबात ट्यूब धरतो ना, तसं."

आणि त्यांनी टेबलावर, माझ्या अपिलाच्या कागदावरच, बोटाने एक गोल काढला. गोलावर सहा ठिकाणी टिचकी मारली. फेस सहा ठिकाणी आला होता. घोस धरल्यासारखा, भोकांच्या समोर. दोन भोकांच्या मधे काही नाही, पाणी तसंच चमकत होतं. म्हणजे हवा सहा जागी नळी उचलत होती आणि मधल्या सहा जागी नळी पोलादाला चिकटून होती. सहा हातांनी उचललेली आणि सहा हातांनी दाबून धरलेली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मेंटेनन्सच्या माणसाला चहा पाजला आणि सुटा पडलेला एक सिलिंडर लेथवर चढवून सगळी भोकं जोडणारी एक गोल खाच पाडून घेतली. नख अडकेल एवढीच खोल. हवा भोकातून निघाली की आधी खाचेत पसरणार, गोल फिरणार, मग सगळीकडून एकदम नळी उचलणार. स्लीव्ह एका हाताने गेली. हातोडा कपाटात.

"यात काय सुचण्यासारखं? पंक्चरच्या दुकानातल्या पोरालाही कळतं हवा कुठे येते ते."

"किती दिवसांनी सुचलं?"

बाबांनी बोटांवर मोजलं. "मशीन आलं गणपतीत. खाच पाडली..." थांबले. "त्याच्या पुढच्या वर्षीची दिवाळी झाली होती. बोनसवरून वाद चालला होता, म्हणून आठवतं."

म्हणजे चौदा महिने. तीन शिफ्ट, प्रत्येक शिफ्टला एक मशीनमन आणि दोन हेल्पर, मेंटेनन्सचे लोक वेगळे, अधूनमधून येणारे इंजिनिअर वेगळे. या सगळ्यांना कळत होतं हवा कुठून येते. आणि चौदा महिने हातोडा.

युरोपच्या पेटंट ऑफिसच्या अपील मंडळांची एक जुनी कसोटी आहे. त्या निष्णात माणसाला तसं करता आलं असतं का, हे विचारू नका. त्याने तसं केलं असतं का, हे विचारा. इंग्रजीत हा फरक एका अक्षराच्या खेळासारखा दिसतो. मराठीत तो मला जास्त स्पष्ट कळतो, कारण आपल्याकडे 'मी सुचवलं' आणि 'मला सुचलं' या दोन वेगळ्याच गोष्टी आहेत. सुचणं आपण करत नाही. ते आपल्याला होतं, सर्दीसारखं, भुकेसारखं. पेटंटच्या फॉर्मवर मात्र शोध लावणाऱ्याचं नाव, पत्ता, राष्ट्रीयत्व लिहावं लागतं. साबणाच्या पाण्याचं नाव कुठे लिहिणार?

एकदा सुचलं की मागे वळून पाहताना वाट सरळ दिसते. परीक्षकाच्या हातात शेवटचं पान आधीच असतं. त्याने पहिल्या पानावर बसून 'उघड होतं' म्हणणं सोपं आहे. पण बाबांनाही ते सोपंच वाटत होतं, आणि ते तर स्वतः चौदा महिने त्या वाटेवर उभे होते. स्वतःच्या शोधाला सगळ्यात कडक परीक्षक तेच.

पेटंटच्या अर्जात 'एवढं माझं' असं जे एकेक वाक्य असतं त्याला दावा म्हणतात. माझ्या टेबलावरच्या निकालात अर्जदाराचा मोठा दावा पडला, धाकटे दोन टिकले. बेअरिंग उघडणं गेलं; उघडल्यावर सिलिंडर दुसऱ्या टोकाला कसा तोलून धरायचा, ती विशिष्ट रचना राहिली. एका टोकाचा आधार काढला की एवढं धूड झुकणारच, आणि झुकल्या सिलिंडरवरून नळी सरकत नाही. खरी डोकेफोड तिथेच होती. मी काकूंच्या भाच्याला फोन करून विचारलं, "तुझा सिलिंडर मागच्या टोकाला कशावर तोलला आहेस?" तो म्हणाला, "ताई, ते काय, तिथे एक जॅक लावतो."

त्याला वाईट वाटू नये म्हणून मी बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले. त्याने विचारलं, नाही म्हणाले तर अपील करता येतं ना? येतं. तीन महिन्यांत. पूर्वी त्यासाठी वेगळं मंडळ होतं, २०२१ पासून उच्च न्यायालयात जावं लागतं. त्याने वकिलाची फी विचारली. मी अंदाज सांगितला. "मग जॅकच बरा," तो म्हणाला आणि हसला. मला हायसं वाटलं आणि थोडी लाजही.

राहिली बाबांची खाच. सवय वाईट असते. त्या रात्री मी ती शोधायला बसले. तासाभरात सापडली. भोकं, त्यांना जोडणारी गोल खाच, आत हवा. बाबांच्या मशीनच्या कितीतरी आधीचा कागद. कायद्याच्या भाषेत बाबांची खाच जन्मायच्या आधीच जुनी होती. मी लॅपटॉप मिटला आणि तीन दिवस काही बोलले नाही. त्या तीन दिवसांत बाबांनी तो किस्सा आईला, माझ्या नवऱ्याला आणि फोनवरून पुण्याच्या आत्याला सांगितला होता.

चौथ्या दिवशी प्रिंट काढून त्यांच्यापुढे ठेवली. काही न सांगता. त्यांनी कागद फिरवला. उभा, आडवा, पुन्हा उभा. चष्मा ओढला, बोट ठेवलं. बोट हवेच्या वाटेने आत गेलं, भोकातून बाहेर आलं, खाचेत शिरलं आणि गोल फिरलं. मग परत मागे आलं आणि एकेका भोकावर थांबत गेलं. ओठ हलत होते.

"आठ घेतलीत यानं," बाबा म्हणाले. "खाच पाडल्यावर आठ कशाला? सहात होतं."

आणि स्वयंपाकघराकडे बघून आईला हाक मारली, जरा पेन्सिल आण म्हणून.